ताकाला जाऊन भांडे लपवणारा पक्ष: हुजूर पक्षावर त्याचेच मतदार का उलटले?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ब्रिटनमध्ये हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्ष २०१० ते २०२४ अशी सलग चौदा वर्षे सत्तेवर होता, एवढा सगळा काळ तो स्थलांतर कमी करण्याची भाषा बोलत होता, गृहमंत्रीही त्याला एकापेक्षा एक कडक मिळाले, तरीही याच मुद्द्यावरून त्याच्या हक्काच्या मतदारांनी त्याची साथ का सोडली? आणि हा राग म्हणजे केवळ गोऱ्यांचा वर्णद्वेष समजायचा का? लंडनच्या पश्चिम भागात वीस वर्षांहून अधिक काळ मी व्हिसा, कायम वास्तव्य आणि नागरिकत्वाची प्रकरणे हाताळतो आहे. या देशात येऊ पाहणारे माझ्याकडे येतात, तसेच त्यांना नोकरीवर किंवा आपल्या घरात आणू पाहणारे इथले मतदारही येतात. त्यामुळे हा राग मला टेबलाच्या अलीकडे बसून बराच जवळून पाहायला मिळाला आहे.

माझे उत्तर आधीच सांगतो. मतदार आकडा वाढला म्हणून चिडले हे खरे आहे. पण आकडा आपोआप वाढलेला नव्हता. २०२१ नंतर तो सरकारने स्वतःच्या सहीने, पूर्ण शुद्धीत वाढवला, त्यामागे सरकारपाशी काही सबळ कारणेही होती, आणि ती कारणे मतदारांना तोंडावर सांगण्याचे धैर्य मात्र पक्षाने दाखवले नाही. आपल्याकडे याला ताकाला जाऊन भांडे लपवणे म्हणतात. आमच्या व्यवसायात पुढाऱ्यांची भाषणे कोणी फारशी मनावर घेत नाही. गृहखाते वर्षातून अनेक वेळा संसदेपुढे नियमदुरुस्तीचे जे पत्रक ठेवते, ते मात्र आम्ही ओळीओळीने वाचतो. व्यासपीठावरचे शब्द आणि त्या पत्रकातली कलमे यांच्यात एवढी तफावत मी दुसऱ्या कोणत्याही विषयात पाहिलेली नाही.

सुरुवात २०१० पासून करावी लागते. त्या वर्षी जानेवारीत, विरोधी पक्षनेते असताना, डेव्हिड कॅमेरून यांनी निव्वळ स्थलांतर वर्षाला एक लाखाच्या खाली आणण्याचा शब्द दिला आणि निवडणुकीच्या जाहीरनाम्यातही तो छापला गेला. निव्वळ स्थलांतर म्हणजे वर्षभर किंवा त्याहून अधिक मुक्कामासाठी देशात आलेल्यांच्या संख्येतून तसेच देशाबाहेर गेलेल्यांची संख्या वजा केल्यावर उरणारा आकडा. त्यात विद्यार्थी धरतात, परत आलेले ब्रिटिश नागरिक धरतात, आणि किती ब्रिटिश माणसांनी उतारवयात स्पेनला राहायला जावे हे तर कोणताच गृहमंत्री ठरवू शकत नाही. त्यात भर म्हणजे युरोपीय महासंघातून येणाऱ्यांना अडवण्याचा अधिकार तेव्हा सरकारपाशी नव्हताच. म्हणजे ज्या आकड्याचा शब्द दिला, त्याच्या एका भागाचीच दोरी सरकारच्या हातात होती, आणि हे कॅमेरून यांना ठाऊक नसेल असे मानणे कठीण आहे.

मग जी दोरी हातात होती ती करकचून आवळली गेली. २०११ पासून पदवीधरांच्या नोकरीच्या व्हिसावर वर्षाला २०,७०० ची मर्यादा आली. शिक्षण संपल्यावर दोन वर्षे काम करू देणारा मार्ग एप्रिल २०१२ मध्ये बंद झाला, आणि २०१०-११ मध्ये ३९ हजारांवर असलेली इथल्या विद्यापीठांतील भारतीय विद्यार्थ्यांची संख्या सहा वर्षांत १७ हजारांच्या खाली आली. जुलै २०१२ पासून परदेशी जोडीदाराला आणायचे तर इथल्या माणसाचे उत्पन्न वर्षाला किमान १८,६०० पौंड असणे बंधनकारक झाले. वृद्ध आई-वडिलांना आणण्याचा मार्ग कागदावर राहिला, पण दैनंदिन शुश्रूषेची गरज असली पाहिजे आणि ती मायदेशात पैसे देऊनही मिळत नसली पाहिजे, अशी अट त्याला जोडली गेली. पुण्यात पगारी बाई ठेवता येते ना, एवढ्या एका मुद्द्यावर अर्ज निकालात निघू लागले. माझ्याकडे येणाऱ्या मराठी कुटुंबांत या एका नियमाने जेवढे अश्रू गाळायला लावले तेवढे दुसऱ्या कशाने लावले नसतील. २०१३ च्या उन्हाळ्यात तर बेकायदा राहणाऱ्यांनी घरी परतावे, नाहीतर अटक होईल, असे फलक लावलेल्या सरकारी गाड्या लंडनच्या काही भागांतून फिरवल्या गेल्या. थेरेसा मे तेव्हा गृहमंत्री होत्या. एवढे करूनही मे २०१६ मध्ये, म्हणजे महासंघाविषयीच्या सार्वमताच्या चार आठवडे आधी, २०१५ या वर्षाचा निव्वळ आकडा जाहीर झाला तो ३ लाख ३३ हजारांचा.

पहिल्या फेरीतला राग इथे साठलेला आहे, आणि तो समजण्यासाठी लिंकनशायरमधील बॉस्टनसारखे गाव डोळ्यांपुढे आणावे. सपाट काळी जमीन, कोबी आणि फुलकोबीची दूरवर पसरलेली शेते, भाजी धुऊन पॅक करणारे कारखाने, आणि २००४ नंतर तिथे कामाला आलेले पोलिश, लिथुआनियन, लात्व्हियन लोक. २००४ मध्ये पूर्व युरोपातील देश महासंघात आले, तेव्हा वर्षाला फार तर १३ हजार लोक येतील असा अंदाज त्या वेळच्या मजूर सरकारसाठी केला गेला होता. प्रत्यक्षात त्याच्या कित्येक पटींनी आले. सरकार विमानतळांवर आणि बंदरांवर प्रवाशांचे नमुना सर्वेक्षण करून स्थलांतर मोजत असे. पुढे महासंघातून बाहेर पडल्यावर इथे आधीपासून राहणाऱ्या युरोपीय नागरिकांना नोंदणी करायला सांगण्यात आली. गृहखात्याचा अंदाज ३५ ते ४१ लाख लोकांचा होता, अर्ज आले ६० लाखांहून अधिक. अर्ज आणि माणसे हे एकच नव्हेत, एकाच माणसाचे दोन अर्जही असू शकतात. तरी डॉक्टरांच्या दवाखान्यातली रांग पाहून माणसे जे म्हणत होती आणि सांख्यिकी खाते जे म्हणत होते, त्यात माणसांचे म्हणणे अधिक खरे निघाले. बॉस्टनमध्ये सार्वमतात ७५ टक्क्यांहून अधिक मते बाहेर पडण्याच्या बाजूने पडली, यात आश्चर्य वाटायचे कारण नव्हते.

इथे गोव्याचा एक धागा आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगालमध्ये जन्मनोंद करून तिथले नागरिकत्व घेता येते, आणि महासंघाच्या मुक्त संचाराच्या हक्काने असे हजारो गोवेकर ब्रिटनमध्ये, विशेषतः स्विंडनमध्ये, गोदामांत आणि कारखान्यांत कामाला आले. तिथल्या कॅथलिक चर्चमध्ये कोंकणी प्रार्थना होऊ लागल्या. युरोपीय म्हणून मोजले गेलेले हे लोक शेजाऱ्यांना युरोपीय वाटत नसत आणि सरकारला ते अडवता येत नसत. ‘सीमा आमच्या हातात नाही’ या तक्रारीला त्या गावात मिळालेला हा चालता-बोलता पुरावा होता. पुढे गृहमंत्री झालेल्या सुएला ब्रॅव्हरमन यांच्या वडिलांचे मूळही गोव्याचेच आहे, आणि स्थलांतराविरुद्धची सर्वांत जहाल भाषा मंत्रिमंडळात त्यांचीच होती.

आता मुख्य भागाकडे येतो. २३ जून २०१६ च्या सार्वमतात बाहेर पडण्याच्या बाजूने ५१.९ टक्के मते पडली, आणि घोषणा होती ‘नियंत्रण परत घ्या’. ही घोषणा देणाऱ्यांपैकी काहींना जगभरातून अधिक लोक आणायचे होते आणि काहींना एकूणच कमी लोक हवे होते, पण घोषणा एकच असल्याने प्रत्येकाने आपल्या मनातला अर्थ त्यात भरला. सामान्य हुजूर मतदाराने त्याचा अर्थ ‘कमी’ असाच घेतला. बोरिस जॉन्सन यांनी २०१९ च्या जाहीरनाम्यात एक लाखाचे उद्दिष्ट गुपचूप गाळले, तरी एकूण संख्या कमी होईल असे वचन लिहूनच दिले आणि ऑस्ट्रेलियासारखी गुणांवर आधारित पद्धत आणू असे सांगितले. डिसेंबर २०१९ मध्ये ३६५ जागा आणि ४३.६ टक्के मते मिळाली. मजूर पक्षाला पिढ्यान्‌पिढ्या मते देणाऱ्या उत्तरेकडच्या खाणगावांनीही या वचनावर त्यांना मत दिले होते.

जानेवारी २०२१ मध्ये ही गुणांची पद्धत प्रत्यक्षात आली आणि मी पत्रक वाचून दोनदा तपासले की आपले वाचण्यात काही चुकत तर नाही ना. पात्र नोकरीची पातळी पदवीवरून बारावीच्या पातळीपर्यंत खाली आणलेली होती. किमान पगार ३०,००० पौंडांवरून २५,६०० वर आणला होता, आणि तुटवड्याच्या यादीतल्या कामांसाठी त्याहूनही खाली. वार्षिक मर्यादा स्थगित केली होती. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जाहिरातीची अट काढून टाकली होती. पूर्वी कोणत्याही कंपनीला परदेशी माणूस आणायचा असेल तर आधी २८ दिवस इथे नोकरीची जाहिरात द्यावी लागे, आलेले अर्ज, घेतलेल्या मुलाखती आणि प्रत्येक स्थानिक उमेदवार का नाकारला याची कारणे यांची फाइल ठेवावी लागे, आणि गृहखात्याचा अधिकारी अचानक येऊन ती मागू शकत असे. माझ्या कार्यालयात अशा जाडजूड फायलींनी एक अख्खे कपाट भरलेले होते. त्यातल्या बऱ्याच जाहिराती केवळ नियम पाळल्याचा देखावा करण्यापुरत्या असत हे मी नाकारत नाही, पण निदान देखावा तरी करावा लागत होता. २०२१ मध्ये ते कपाट रिकामे झाले.

ऑस्ट्रेलियाशी या पद्धतीचे साम्य नावापुरतेच होते. तिथे ज्याला ‘गुण’ म्हणतात त्या मार्गात उमेदवारांची आपसात स्पर्धा असते, जागा मोजक्या असतात आणि वरचे गुण मिळवणाऱ्यालाच बोलावणे येते. इथे ७० गुण लागत, त्यातले ५० परवानाधारक मालकाची नोकरी, कामाची पातळी आणि इंग्रजी यांचे सक्तीचे होते, आणि उरलेले २० बहुतेकांना पगारातूनच मिळत. मालक मिळाला की गुण जवळजवळ आपोआप जमत, आणि किती मालकांनी किती माणसे आणावीत याला वरची सीमा नव्हती. इतकी उदार पद्धत कडक म्हणून विकली गेली आणि विरोधकांनीही ती कडक आहे असे समजून तिच्यावर टीका केली, ही त्या काळातली मोठी गंमत होती.

काळजीवाहकांची गोष्ट मी जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्या पेचाचे मूळ तिथे नागडे दिसते. वृद्धाश्रमांत आणि घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांना उठवणे, न्हाऊ घालणे, जेवू घालणे हे काम करणाऱ्यांना इथे केअरर म्हणतात. २०२१-२२ मध्ये इंग्लंडमध्ये या क्षेत्रातल्या १ लाख ६५ हजार जागा रिकाम्या होत्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारने हे काम तुटवड्याच्या यादीत घालून वर्षाला २०,४८० पौंड पगारावर व्हिसा खुला केला. त्याच वसंतात मध्य इंग्लंडमधले, दोन लहान वृद्धाश्रम चालवणारे एक गृहस्थ माझ्याकडे आले. निवडणुकीत घराच्या खिडकीत हुजूर पक्षाचा निळा फलक लावणारे, पक्षाचे जुने सभासद. पहिली पंधरा मिनिटे त्यांनी मला गावात किती परके लोक आले आहेत, दंतवैद्याकडे नाव नोंदवायला जागा कशी उरली नाही आणि सरकार कसे झोपले आहे हे सांगितले. मग चष्मा पुसला आणि बारा परदेशी केअरर आणण्यासाठी स्पॉन्सर लायसन्स, म्हणजे परदेशी माणूस नोकरीवर आणण्याचा सरकारी परवाना, किती दिवसांत मिळेल असे विचारले.

मला तेव्हा हसू आले होते, पण नंतर त्यांनी हिशेबाचा कागद पुढे ठेवला. त्यांच्याकडचे बहुतेक वृद्ध स्थानिक परिषदेच्या खर्चाने राहत होते, आणि परिषद दर माणसामागे आठवड्याला जी रक्कम देत होती त्यातून तासाचा पगार वाढवणे त्यांना शक्य नव्हते. जवळच्या सुपरमार्केटमध्ये माल लावणाऱ्याला त्याहून अधिक मिळत होते. पगार वाढवायचा तर परिषदेला अधिक पैसा हवा, त्यासाठी एकतर केंद्राने द्यायला हवा, नाहीतर घरपट्टीसारखा कौन्सिल टॅक्स वाढायला हवा, आणि हा कर वाढू नये म्हणून सर्वांत मोठ्याने ओरडणारा पुन्हा तोच मतदार. व्हिसा हा अर्थखात्याला यातून दिसलेला फुकटचा रस्ता होता. फुकटचाही कसला, येणारा माणूस अर्जाचे शुल्क भरतो आणि सरकारी मदतीवर त्याचा काही हक्क नसतो.

तो रस्ता लवकरच कुठल्या कुठे गेला. सरकारनेच नंतर सांगितल्याप्रमाणे एका वर्षात सुमारे एक लाख केअरर आले आणि त्यांच्यासोबत १ लाख २० हजार अवलंबित, म्हणजे जोडीदार आणि मुले, आली. पगाराचे काम नसलेल्या, कधीकधी एकही रुग्ण नसलेल्या कंपन्यांनाही परवाने मिळाले. दलालांनी केरळपासून झिम्बाब्वेपर्यंत नोकरीची प्रमाणपत्रे विकली. जमीन विकून दहा-पंधरा लाख रुपये भरलेली आणि इथे आल्यावर कामच नाही असे कळलेली माणसे माझ्यापुढे बसून रडली आहेत. जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळात काळजी क्षेत्रातल्या ४७० हून अधिक मालकांचे परवाने रद्द झाले. स्थलांतराला विरोध करणाऱ्या मतदाराला यात आपली फसवणूक दिसली, पण आलेल्या माणसाचीही तेवढीच फसवणूक झाली होती, आणि दोघांना फसवणारी यंत्रणा एकच होती.

विद्यार्थ्यांचे प्रकरण थोडक्यात उरकतो. इथल्या विद्यार्थ्यांची फी सरकारने २०१७ पासून ९,२५० पौंडांवर गोठवली, महागाई वाढत गेली, आणि तूट भरून काढायला विद्यापीठांनी परदेशी विद्यार्थ्यांकडे मोर्चा वळवला. २०१९ च्या सरकारी धोरणात २०३० पर्यंत सहा लाख परदेशी विद्यार्थ्यांचे उद्दिष्ट होते. ते दहा वर्षे आधीच गाठले गेले. स्वतःच बंद केलेला शिक्षणानंतरच्या कामाचा मार्ग जुलै २०२१ मध्ये नव्या नावाने पुन्हा उघडला. एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला येणारे कुटुंबासह येऊ लागले आणि विद्यार्थ्यांच्या अवलंबितांचे व्हिसा २०१९ मधल्या १६ हजारांवरून २०२२ मध्ये १ लाख ३६ हजारांवर गेले. तेलंगण, पंजाब आणि नायजेरियाइतके नाही, तरी महाराष्ट्रातूनही या लाटेत बरेच आले.

परिणाम काय झाला ते आकड्यांत पाहावे. २०२२ चा निव्वळ आकडा मे २०२३ मध्ये ६ लाख ६ हजार असा जाहीर झाला. त्याच नोव्हेंबरात तो सुधारून ७ लाख ४५ हजार केला गेला. जून २०२३ अखेरच्या वर्षाचा आकडा आधी ६ लाख ७२ हजार होता, तो नोव्हेंबर २०२४ मध्ये ९ लाख ६ हजारांवर गेला. यात युक्रेनचे निर्वासित आणि हाँगकाँगचे लोकही होते, आणि त्यांच्याविषयी हुजूर मतदारांच्या मनात फारसा राग मला कधी दिसला नाही. पण कॅमेरून यांच्या वेळी एक लाखाचे वचन होते, आणि आता दर सहा महिन्यांनी आकडा सुधारून वाढत होता. ज्याच्या हातात दोरी नव्हती त्याचे अपयश मतदार एक वेळ समजून घेतो. दोरी हातात आल्यावर ती सैल सोडणाऱ्याला तो माफ करत नाही.

आणि या सगळ्या काळात पक्ष बोलत होता ते होड्यांबद्दल. इंग्लिश खाडी रबरी होड्यांतून ओलांडणाऱ्यांची संख्या २०१८ मध्ये २९९ होती, ती २०२२ मध्ये ४५ हजारांवर गेली. प्रश्न खराच होता. माणसे बुडून मरत होती, आश्रयाचे अर्ज वर्षानुवर्षे पडून होते आणि त्या लोकांना ठेवलेल्या हॉटेलांवर रोज लाखो पौंड खर्च होत होते. पण त्या वर्षीच्या एकूण स्थलांतरात हा वाटा लहान होता. होडी कॅमेऱ्यात दिसते, व्हिसाचा शिक्का दिसत नाही. एप्रिल २०२२ मध्ये तेव्हाच्या गृहमंत्री प्रीती पटेल यांनी, होडीने आलेल्या आश्रितांना तिकडे पाठवण्यासाठी, आफ्रिकेतल्या रवांडाशी करार केला. जूनमधले पहिले विमान युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या हस्तक्षेपाने थांबले. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने योजना बेकायदा ठरवली. मग रवांडा सुरक्षित आहे असे ठरवणारा कायदाच संसदेने केला. अखेरीस सक्तीने पाठवलेला एकही माणूस तिकडे गेला नाही, स्वखुशीने चौघे गेले, आणि पुढच्या सरकारने सांगितलेला खर्च ७० कोटी पौंडांचा होता. याउलट अल्बेनियाशी झालेल्या साध्या प्रशासकीय करारानंतर २०२३ मध्ये तिथून होडीने येणाऱ्यांची संख्या ९० टक्क्यांहून अधिक घटली, पण त्याचा रवांडाइतका गाजावाजा झाला नाही. ऋषी सुनक यांनी ‘होड्या थांबवा’ ही पाटी भाषणाच्या मेजावर लावून घेतली, आणि न पाळता येणारे आणखी एक वचन पक्षाच्या गळ्यात बांधले.

डिसेंबर २०२३ चा दुसरा आठवडा मला चांगला आठवतो. ४ तारखेला गृहमंत्री जेम्स क्लेव्हर्ली यांनी पाच कलमी योजना जाहीर केली होती: कुशल कामगाराचा किमान पगार ३८,७०० पौंड, केअररला अवलंबित आणण्यास बंदी, आणि जोडीदाराला आणण्यासाठीची उत्पन्नाची अटही १८,६०० वरून ३८,७०० वर. दोनच दिवसांनी स्थलांतर खात्याचे राज्यमंत्री रॉबर्ट जेनरिक यांनी रवांडाचे विधेयक पुरेसे कडक नाही म्हणून राजीनामा दिला. त्याच आठवड्यात केंटमधून एक सत्तरीचे गृहस्थ आले, गोरे, निवृत्त, पक्षाच्या स्थानिक शाखेचा हिशेब अनेक वर्षे सांभाळलेले. मुलगा गोदामात पाळीप्रमुख, पगार २४ हजार पौंड, सहा महिन्यांपूर्वी फिलिपिन्समधल्या मुलीशी लग्न झालेले. त्यांनी आयुष्यभर कडक नियमांच्या बाजूने मत दिले होते. कागदांची प्लास्टिकची पिशवी मांडीवर धरून ते म्हणाले की मी या लोकांना बाहेरून येणारी गर्दी कमी करायला सांगितली होती, माझ्या सुनेला बाहेर ठेवायला नव्हे. आणि गर्दी तर कमी झालीच नाही.

त्यांच्या या दोन वाक्यांत अनेक लेखांहून अधिक आहे. सरकारला ज्या ज्या वेळी कडकपणा दाखवायचा होता, त्या त्या वेळी तो ज्यांना सहज पकडता येते अशा नियम पाळणाऱ्या माणसांवर पडला: जोडीदार, आई-वडील, आणि २०१८ मध्ये उघडकीला आल्याप्रमाणे पन्नास वर्षे इथे राहिलेले, पण कागद नसलेले कॅरिबियन वृद्ध. मोठ्या संख्येने माणसे आणणाऱ्या दारांवर मात्र कारखानदार, विद्यापीठे, आरोग्य सेवा आणि अर्थखाते उभे होते, आणि त्यांना दुखावण्याची पक्षाची तयारी नव्हती. ख्रिसमसच्या आधीच सरकारने जोडीदाराची अट तूर्त २९,००० वर आणली. ती ११ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. आम्ही त्या गृहस्थांच्या मुलाचा अर्ज मार्चमध्येच, जुन्या १८,६०० च्या अटीखाली, घालून टाकला.

४ जुलै २०२४ च्या निवडणुकीत हुजूर पक्षाला १२१ जागा आणि २३.७ टक्के मते मिळाली. नायजेल फराज यांच्या स्थलांतरविरोधी रिफॉर्म पक्षाला १४.३ टक्के मते आणि पाच जागा मिळाल्या, आणि ही मते मोठ्या प्रमाणात २०१९ च्या हुजूर मतदारांचीच होती. त्या पाचांत बॉस्टनची जागाही होती, जिथे आधीच्या निवडणुकीत हुजूर उमेदवाराचे मताधिक्य २५ हजारांहून अधिक होते. विशेष म्हणजे बॉस्टनच्या शेतांतून युरोपीय मजूर कमी झाले तेव्हा हंगामी व्हिसावर मध्य आशिया, नेपाळ, इंडोनेशियाचे मजूर आले. २०१९ मध्ये अशा व्हिसांची मर्यादा २,५०० होती, ती पुढे ४५ हजारांवर नेली गेली. हे मजूर सहा महिन्यांत परत जातात म्हणून निव्वळ आकड्यात दिसत नाहीत, पण गावाच्या बाजारात दिसतात.

आता वर्णद्वेषाचा प्रश्न. तो या रागात मुळीच नाही असे मी म्हणणार नाही; ऑगस्ट २०२४ मध्ये आश्रितांच्या हॉटेलांना आग लावायला निघालेल्या जमावाला दुसरे नाव देता येत नाही, आणि त्या आठवड्यात आमच्या भागातल्या अनेक दुकानदारांनी फळ्या ठोकून दुकाने बंद ठेवली होती. परंतु हुजूर मतदाराच्या रागाचे ते पूर्ण स्पष्टीकरण नव्हे. २०२४ च्या पानिपतात हुजूर पक्षाने मजूर पक्षाकडून एकच जागा हिसकावली ती लेस्टर पूर्वची, आणि तिथे निवडून आल्या त्या गुजराती घरातल्या शिवानी राजा. भारतीय वंशाच्या हुजूर मतदारांत मी स्थलांतराविरुद्ध जेवढी कडवट बोलणी ऐकली आहेत तेवढी गोऱ्यांकडून क्वचितच ऐकली. त्यांची तक्रार साधारण अशी असते की आम्ही सगळे नियम पाळून, शुल्क भरून, परीक्षा देऊन आलो, आणि आता कोणीही येतो. त्याच माणसाला पुढच्या वाक्यात आईला इथे आणता येत नाही याचाही राग असतो. या दोन तक्रारी परस्परविरोधी वाटतात, पण नियम पाळणाऱ्याला शिक्षा आणि न पाळणाऱ्याला मोकळे रान, या एकाच भावनेतून त्या निघतात. केंटच्या गृहस्थांची तक्रार याहून वेगळी नव्हती.

नोव्हेंबर २०२४ मध्ये नव्या नेत्या केमी बेडनॉक यांनी स्थलांतराच्या बाबतीत पक्षाचे चुकले, अशी जाहीर कबुली दिली. दुसऱ्याच दिवशी ९ लाख ६ हजारांचा तो सुधारित आकडा आला. दैवाचा खेळ असा की क्लेव्हर्ली यांच्या नियमांचा परिणाम पक्ष हरल्यानंतर दिसू लागला. २०२४ या वर्षाचा निव्वळ आकडा मे २०२५ मध्ये ४ लाख ३१ हजार असा जाहीर झाला आणि त्यानंतर आणखी खाली गेला. हुजूर पक्षाने अखेरीस केलेली ही खरोखर परिणामकारक गोष्ट होती, आणि तिचे श्रेय द्यायला त्याचा मतदार जागेवर उरलेला नव्हता. मे २०२५ मध्ये केंटची जिल्हा परिषद, जी अनेक वर्षे हुजूर पक्षाच्या हातात होती, रिफॉर्मकडे गेली. जुलै २०२५ मध्ये मजूर सरकारने परदेशातून केअरर आणण्याचा मार्ग नव्यांसाठी बंद केला आणि कुशल कामगाराची पातळी पुन्हा पदवीवर नेली. म्हणजे २०२१ च्या पत्रकाने जे सैल केले होते त्यातले बरेचसे विरोधी पक्षाच्या सरकारने आवळले.

केंटचे ते गृहस्थ त्याच सुमारास पुन्हा आले. सून आली आहे, गावातल्या वृद्धाश्रमात रात्रपाळीला जाते, तिला तिथे कायम ठेवून घेण्यासाठी व्यवस्थापक हातापाया पडतो. या वेळी त्यांनी रिफॉर्मला मत दिल्याचे मला आपणहून सांगितले. सरकार कायम वास्तव्यासाठीची पाच वर्षांची मुदत दहावर नेणार असल्याचे त्यांनी वाचले होते आणि सुनेचे काय होणार हे त्यांना विचारायचे होते. ब्रिटिश नागरिकांच्या जोडीदारांसाठी ती पाचच राहील असे श्वेतपत्रिकेत लिहिले आहे, हे मी त्यांना ते पान उघडून दाखवले. त्यांनी ते दोनदा वाचले आणि मग विचारले, हे लिहिलेले किती दिवस राहते?